चेतक कोठे अडला?

वसई गावातून निर्मळ, भुईगाव किंवा आगाशीकडे जाताना एखाद्या वाडीच्या अंगणात अजूनही एक जुनी स्कूटर उभी असलेली दिसते. खाऱ्या वाऱ्याने तिचा पत्रा गंजलेला असतो, बैठकीचे रेक्झिन फाटलेले असते, पण घरातले आजोबा तिला विकायला तयार नसतात. सकाळी ते तिला बाहेर काढतात, एका अंगावर चांगली कलती करतात, पुन्हा सरळ उभी करतात आणि मग किक मारतात. पहिल्या दोन-तीन किका वाया जातात. मग फट्‌-फट्‌ असा आवाज येतो, मागून निळसर धुराचा लोट निघतो आणि कोंबड्या पळतात.

ही बजाज चेतक. स्कूटर कलती करण्याचा तो विधी तुमच्या आईवडिलांनाही आठवत असेल. तो नुसता विधी नव्हता. या स्कूटरची पेट्रोलची टाकी बैठकीखाली असे आणि तेथून पेट्रोल केवळ गुरुत्वाकर्षणाने नळीवाटे कार्ब्युरेटरच्या वाटीत उतरे. पंप वगैरे काही नाही. टाकी रिकामी होत आली, किंवा रात्रभरात वाटीतले पेट्रोल उडून गेले, की स्कूटर हलवून-कलवून ते पुन्हा वाटीत आणावे लागे.

आता मुद्दा असा, की १९७२ साली बाजारात आलेली स्कूटर १९९५ सालीही लोक तशीच कलती करून सुरू करीत होते. या तेवीस वर्षांत तिचे दिवे बदलले, रंग बदलले, पण यंत्राचा गाभा तोच राहिला. हल्ली परदेशातल्या मोठ्या मोबाइल कंपन्यांविषयी आपण ऐकतो, की त्यांचा यंदाचा फोन गेल्या वर्षीच्या फोनसारखाच आहे, त्यांची कल्पकता आटली. आपल्या महाराष्ट्रातल्या, पुण्याजवळच्या आकुर्डीच्या या कारखान्याविषयीही एके काळी असेच बोलले जात असे. ते खरे होते का? थोडे यंत्राच्या पोटात शिरल्याशिवाय याचे उत्तर देता येणार नाही.

विमानतज्ज्ञाची स्कूटर

चेतकचे मूळ इटलीत आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर पिआज्यो या विमाने बांधणाऱ्या कंपनीला विमाने बांधण्याचे काम उरले नाही. तिच्याकडे कोर्राडिनो दास्कानियो नावाचे अभियंते होते. त्यांचे आयुष्य विमाने आणि हेलिकॉप्टर यांत गेलेले, आणि मोटारसायकल हे वाहन त्यांना मुळीच आवडत नसे. साखळीचे तेल कपड्यांना लागते, चाक पंक्चर झाले तर काढता काढता जीव जातो, आणि बसायला पाय टाकावा लागतो, अशा त्यांच्या तक्रारी. म्हणून १९४६ साली त्यांनी जी 'व्हेस्पा' स्कूटर तयार केली तिला साखळीच नव्हती. एंजिन थेट मागच्या चाकाशेजारी बसवले होते. पुढचे चाक विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरलेले होते, त्यामुळे ते चटकन निघे. वेगळा सांगाडा नव्हता, वाकवलेला पोलादी पत्रा हाच तिचा सांगाडा. अशी रचना विमानात असते.

ही खरी नवी कल्पना. बजाज कंपनीला १९५९ साली दुचाकी आणि तीनचाकी वाहने बनवण्याचा सरकारी परवाना मिळाला, आणि पिआज्योशी करार करून ती व्हेस्पा येथे बनवू लागली. १९७१ साली तो करार संपला. तेव्हा बजाजने त्याच धर्तीवरची स्कूटर स्वतःच्या नावाने काढली आणि राणा प्रतापाच्या घोड्यावरून तिचे नाव ठेवले 'चेतक'. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. परक्याचे यंत्र आपल्या रस्त्यांवर, आपल्या कामगारांकडून, परवडेल अशा किमतीत हजारोंनी बनवणे हेही मोठे तंत्र आहे. सातारला महाराष्ट्र स्कूटर्स हा कारखानाही सुरू झाला, आणि तेथून 'प्रिया' आली.

दोन धावांचे एंजिन

चेतकचे एंजिन दोन धावांचे, म्हणजे टू-स्ट्रोक होते. सिलिंडरमध्ये दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरखाली होतो. त्याची वरून खाली किंवा खालून वर होणारी एक हालचाल म्हणजे एक धाव. चार धावांच्या एंजिनात एका धावेत पेट्रोल-हवेचे मिश्रण आत ओढले जाते, दुसरीत ते दाबले जाते, तिसरीत ठिणगी पडून ते पेटते व दट्ट्याला खाली ढकलते, आणि चौथीत जळका वायू बाहेर जातो. प्रत्येक कामाला वेगळी धाव, आणि दारे उघडायला-मिटायला झडपा.

दोन धावांच्या एंजिनात ही चार कामे दोन धावांत उरकतात. झडपा नाहीतच. सिलिंडरच्या भिंतीला भोके असतात आणि दट्ट्या स्वतःच वरखाली होताना ती झाकतो किंवा उघडतो. त्यामुळे एंजिन हलके, स्वस्त आणि दुरुस्तीला सोपे. नालासोपाऱ्याच्या कोपऱ्यावरचा मेकॅनिकही पान्यांचा एक संच आणि पॉलिश पेपर यांच्या जोरावर ते खोलून जोडू शके. पावसात प्लग भिजला, तर तो काढून फडक्याने पुसायचा, की झाले.

पण या सोपेपणाची किंमत असते. जळका वायू बाहेर जाण्याचे भोक आणि ताजे मिश्रण आत येण्याचे भोक ही दोन्ही काही क्षण एकाच वेळी उघडी असतात. आत येणारे ताजे मिश्रणच जळक्या वायूला ढकलून बाहेर काढते. ढकलता ढकलता त्यातला काही भाग स्वतःही बाहेर निसटतो. गर्दीच्या विरार लोकलमध्ये आत घुसणारे आणि बाहेर पडणारे एकाच दारात भिडले, तर आत जायचा माणूसही लोंढ्याबरोबर पुन्हा फलाटावर येतो, तसेच. म्हणजे विकत घेतलेल्या पेट्रोलचा बराच भाग न जळताच वाया जातो, कधी कधी पाचव्या हिश्शाहूनही अधिक. शिवाय या एंजिनाला वंगण देण्यासाठी पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते, साधारण लिटरला २० मिलिलिटर. तेही जळते. निळा धूर त्याचाच.

हा दोष कारागिरीचा नाही, रचनेचा आहे. दट्ट्या कितीही गुळगुळीत केला तरी तो जात नाही. तो घालवायचा तर एंजिनच बदलायला हवे. मग कंपनीने ते का बदलले नाही?

रांग

कारण दारात रांग होती. त्या काळी कोणत्या कारखान्याने किती वाहने बनवायची हे सरकारी परवाना ठरवीत असे. मागणी प्रचंड आणि उत्पादन बांधलेले. स्कूटरची नोंदणी करायची आणि वाट पाहायची. ही वाट पुढे कोठे कोठे दहा वर्षांपर्यंत लांबली. मुलगा शाळेत असताना नोंदवलेली स्कूटर त्याच्या नोकरीच्या वेळी येई. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला ती लवकर मिळे. एखादा वापरलेली स्कूटर नव्या स्कूटरपेक्षा अधिक भावाने विकी, कारण ती आजच्या आज हातात पडत असे.

राहुल बजाज १९६८ पासून या कंपनीचे प्रमुख होते. परवान्यांच्या बंधनावर त्यांनी उघडपणे टीका केली. तरी माझ्या मते ही रांग कंपनीला घातकच ठरली. जी वस्तू घेण्यासाठी लोक दहा वर्षे थांबतात ती सुधारावी असे कोणाला वाटेल? यंत्रात काही खोट आहे हे सांगणारा एकच माणूस असतो, तो म्हणजे ती वस्तू नाकारणारा गिऱ्हाईक. तो तेव्हा जन्मालाच आला नव्हता.

तो आला १९८४ नंतर. त्या वर्षी पुण्याच्याच फिरोदियांच्या कायनेटिकने जपानच्या होंडाबरोबर 'कायनेटिक होंडा' आणली. तिचे एंजिन दोन धावांचेच, पण बटण दाबले की ती सुरू होई आणि तिला हाताने गिअर बदलावे लागत नसत. तिच्यात दोन कप्प्या आणि एक पट्टा होता. वेग वाढला की पुढच्या कप्पीतील वजने बाहेरच्या अंगाला सरकत, तिच्या दोन तबकड्या जवळ येत, पट्टा वर चढे आणि गिअर आपोआप बदले. साडी नेसलेल्या शिक्षिकेला किक मारावी लागत नव्हती. दुसऱ्याच वर्षी हीरो होंडाची 'सीडी १००' ही चार धावांची मोटारसायकल आली आणि एका लिटरमध्ये किती किलोमीटर जाता येते याचा लोकांचा हिशेबच बदलून गेला. १९९१ नंतर परवाने गेले, रांगाही संपल्या. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, आणि २००० सालच्या नियमांनंतर दोन धावांच्या एंजिनाला श्वास घेणे कठीण झाले.

या गोष्टीतला सर्वांत चमत्कारिक भाग यापुढे आहे. बजाज गप्प बसली होती असे नाही! १९९८ साली आकुर्डीतून 'लीजंड' ही चार धावांची स्कूटर बाहेर पडली. भारतात अशी स्कूटर पहिल्यांदा बजाजनेच काढली. पण गिअर हाताने बदलायचे तसेच राहिले. २००० साली 'सॅफायर' आली, बिनगिअरची आणि चार धावांची. त्यानंतर वर्षभराने होंडाची 'ॲक्टिव्हा' आली आणि तीच घरोघर शिरली. नवे आधी कोणी केले, एवढ्याने काम भागत नाही हे येथे दिसते. लीजंडमध्ये अर्धेच नवे होते. सॅफायरच्या मागे कंपनी पूर्ण ताकदीने उभी राहिली नाही, असे मला वाटते, कारण तोवर तिचे मन मोटारसायकलीत गुंतले होते.

आणि तेथे तिची कल्पकता चांगली चालली. २००१ साली 'पल्सर' आली. २००३ पासून तिच्या सिलिंडरमध्ये एकाऐवजी दोन प्लग बसवले गेले. दोन बाजूंनी ठिणग्या पडल्या की मिश्रण लवकर आणि अधिक पुरते जळते. दोन प्लगची कल्पना जगात नवी नव्हती, पण लहान एंजिनात ती स्वस्तात बसवणे नवे होते. २०२४ साली याच कंपनीने सीएनजीवर चालणारी 'फ्रीडम १२५' ही मोटारसायकल काढली. कारखान्यात मोठ्या प्रमाणावर बनणारी अशी ही जगातली पहिलीच. सीएनजीचे नळकांडे बैठकीखाली बसवणे सोपे नाही. वायू फार दाबाखाली भरावा लागतो, त्यामुळे नळकांडे जाड आणि जड होते.

मग कंपनीने नवे करणे थांबवले का? एका खोलीत दिवा विझला आणि शेजारच्या खोलीत लागला, असे म्हणता येईल. पण विझलेल्या खोलीतही माणसे होती. सप्टेंबर २००७ मध्ये आकुर्डीतले वाहनांचे उत्पादन बंद झाले तेव्हा तेथे अडीच हजारांहून अधिक कामगार होते. डिसेंबर २००९ मध्ये राजीव बजाज यांनी स्कूटर बनवणेच सोडत असल्याचे जाहीर केले. आपल्याला याचे वाईट वाटले हे त्यांचे वडील राहुल बजाज यांनी लपवले नाही. मुलाचे म्हणणे असे, की कंपनीने एकाच गोष्टीत निष्णात व्हावे, आणि ती गोष्ट मोटारसायकल. हिशेब चुकीचा नव्हता, पण स्कूटरचे दिवस संपले हा अंदाज मात्र साफ चुकला. आज देशात विकल्या जाणाऱ्या दर तीन दुचाकींमागे जवळजवळ एक स्कूटर असते.

बिनधुराचा घोडा

२०१९ च्या ऑक्टोबरात चेतक परत आली, विजेवर. जानेवारी २०२० पासून ती पुणे आणि बंगळूरमध्ये मिळू लागली. अंग अजून पोलादी पत्र्याचे, पण दट्ट्या नाही, प्लग नाही, धूर नाही.

एक हिशेब करून पाहा. या पहिल्या विजेच्या चेतकच्या बॅटरीत सुमारे ३ युनिट वीज मावे आणि तेवढ्यात ती साधारण ९० किलोमीटर जाई, असे कंपनी सांगे. जुनी चेतक लिटरला ४५ किलोमीटर देते असे धरले, तर तेवढ्याच अंतराला २ लिटर पेट्रोल लागेल. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. म्हणजे १८ युनिट विरुद्ध ३ युनिट! पण थांबा, वीज आकाशातून पडत नाही. आपल्या पालघर जिल्ह्यातल्या डहाणूसारख्या औष्णिक केंद्रात एक युनिट वीज करायला साधारण तीन युनिट उष्णतेइतका कोळसा जाळावा लागतो. वाटेतली गळती धरली तर ३ युनिटांचे दहा-अकरा होतात. तरीही १८ पेक्षा ते बरेच कमी आहेत, आणि धूर घरासमोर होत नाही.

१० जून २०२२ रोजी, राहुल बजाज यांच्या निधनानंतर चार महिन्यांनी आलेल्या त्यांच्या जन्मदिनी, आकुर्डीच्या त्याच जागेत विजेच्या चेतकचा कारखाना सुरू झाला. या वेळी मात्र रांग नाही. विजेच्या स्कूटरी बनवणाऱ्या कंपन्या अनेक आहेत आणि गिऱ्हाईक बिनदिक्कत दुसऱ्या दुकानात जातो.

येत्या रविवारी वसई रोड, नालासोपारा किंवा विरार, जे स्टेशन जवळ असेल तेथल्या वाहनतळावर जा. वही-पेन्सिल बरोबर न्या. शंभर दुचाकी मोजा. स्कूटर किती, मोटारसायकली किती, विजेवरच्या किती, आणि पायाने मारायची किक अजून कितींना आहे याचे कोष्टक करा. एखादी जुनी चेतक दिसली आणि मालक जवळ असतील, तर त्यांना विचारा, ती त्यांनी कोणत्या साली नोंदवली होती आणि कोणत्या साली हातात आली.