पात्यावर नाव नसलेला कारागीर

सण, निवडणूक किंवा मोर्चा जवळ आला की पोलिसांचा मनाई आदेश निघतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तिन्ही शहरे ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतात. तलवारी, भाले, लाठ्या, चाकू बाळगण्यास बंदी! आदेशाविषयी आमची तक्रार नाही. शांतता आम्हालाही हवी. पण असा आदेश वाचला की आम्हाला एक घिसाडी म्हातारा आठवतो. चाकू चालवणारा नव्हे, चाकू घडवणारा.

उल्हासनगरच्या कॅम्प भागात रस्त्याच्या कडेला त्यांचे पाल होते. सगळे त्यांना मामा म्हणत. विळे, कोयते, खुरपी हा त्यांचा रोजचा धंदा. पण मामांचे खरे नाव झाले ते घडीच्या चाकूमुळे. जीन्सच्या कारखान्यातली पोरे धागे कापायला, अंबरनाथचे वायरमन वायर सोलायला, बदलापूरकडचे शेतकरी कलमे बांधायला त्यांच्याकडूनच चाकू करून घेत. गटई कामगार रापीला पाणी द्यायला तिथेच येत. मामा आधी गिऱ्हाईकाचा पंजा बघत, काम विचारत आणि मगच ऐरणीवर लोखंड ठेवत. एकासारखा दुसरा चाकू नाही!

घडीचा चाकू दिसायला साधा, करायला अवघड. पाते आणि मुठीतली कमान, दोन्ही पोलादाची. पण दोघांचा स्वभाव वेगळा लागतो. पाते कडक हवे, नाहीतर धार टिकत नाही. कमान लवचीक हवी, नाहीतर दहाव्या उघडझापीला तुटते. मामा ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचे पोलाद लाल तापवून तेलात बुडवत. मग ते घासून पुन्हा मंद तापवत. पात्यावर वाळल्या गवताचा पिवळा रंग चढला की थांबायचे. कमान मात्र निळी होईपर्यंत न्यायची. थर्मामीटर नाही, डिग्री नाही. डोळा हेच यंत्र! खिळा ठोकल्यावर चाकू कानाशी धरून उघडत. "वकीलसाहेब, आवाज फुटका आला तर मी देत नाही," असे म्हणत.

याच उल्हासनगरात फाळणीनंतर निर्वासित सिंधी बांधवांनी कष्टाने उद्योग उभे केले. इथल्या मालावरच्या 'यूएसए' या शिक्क्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद सर्वांना ठाऊक आहे. खऱ्या यूएसएमध्ये काय घडले ते पाहा. बॉब लव्हलेस हा बोटीवरचा खलाशी. १९५० च्या दशकात त्याने भंगारातल्या मोटारीच्या कमानीपासून आपला पहिला चाकू केला. म्हणजे माल तोच, जो आमच्या मामांचा! पुढे लव्हलेसच्या चाकूंना हजारो डॉलर मोजले गेले. पात्यावर त्याचे नाव कोरलेले असे. २०१० साली तो वारला तेव्हा जगभरच्या कारागिरांनी त्याला गुरू म्हणून आठवले. मायकेल वॉकर या दुसऱ्या कारागिराने १९८० च्या दशकात घडीच्या चाकूची आतल्या पट्टीची कळ सुधारली. आज जगभरचे कारखाने ती वापरतात. त्याचेही नाव राहिले.

आणि आपल्याकडे? उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा खटक्याचा चाकू 'वक्त' (१९६५) सारख्या हिंदी सिनेमांनी घराघरांत पोहोचवला. २०२३ साली रामपुरात चौकात वीस फुटी चाकू उभारला गेला. चाकूचे स्मारक झाले, पण तो घडवणाऱ्या हातांची नावे कुणाला सांगता येतात?

मामांच्या वाट्याला तर स्मारकही नाही, कोठडी आली. मनाई आदेशाच्या काळात एका पोराजवळ त्यांचा चाकू सापडला. "कुठून आणला?" पोराने बोट दाखवले. मामांना उचलले, सोबत विळे-कोयतेही जप्त! आम्ही वकीलपत्र दिले. पात्याची लांबी चार इंच भरली. शस्त्र नियमांप्रमाणे साधारणपणे नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते शस्त्रात धरतात. घरगुती, शेतीच्या वा उद्योगाच्या हत्याराला त्यातून सूट आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खालचा मनाई आदेश चाकू बाळगणाऱ्यावर असतो. शेतीची अवजारे घडवणारा माणूस त्यात येतो कुठे? मामा सुटले. पण हत्यारे हाती येईपर्यंत पाऊस संपला, विळ्यांचा हंगाम गेला. निर्दोष माणसाची ती शिक्षा कोणत्या कलमाखाली?

कुणी म्हणेल, बौद्ध माणसाने चाकूवाल्याचे गोडवे गावेत काय? प्रश्न रास्त आहे. तथागतांनी उपासकाला शस्त्रांचा व्यापार वर्ज्य सांगितला आहे. पण भिक्खूच्या अष्टपरिष्कारात वस्तराही आहे. पाते पाप नव्हे. ते कशासाठी उचलले, हा प्रश्न आहे. मामाही "कुणाला दाखवायला हवाय" असे म्हणणाऱ्याला हाकलून देत. आणि तथागतांनी शेवटचे भोजन घेतले ते पावा येथील चुंदाकडे, एका लोहाराच्या मुलाकडे! त्याला कुणी दोष देऊ नये, असे ते आनंदाला बजावून गेले. अडीच हजार वर्षांनंतर आपण मात्र लोहारालाच आधी दोषी धरतो.

बाबासाहेबांनी १९३६ साली सांगितले की जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. म्हणून 'घिसाड्याच्या पोराने ऐरणच धरावी' असे आम्ही कदापि म्हणणार नाही. मामांची नात नर्सिंग शिकली, याचा आम्हाला चाकूइतकाच अभिमान आहे. पण ज्याला कला जपायची आहे त्याला चोर ठरवू नका. २०२३ पासूनच्या विश्वकर्मा योजनेत लोहार आणि हत्यारे बनवणारे कारागीर आहेत. ज्याचा पत्ताच पाल आहे, त्याच्यापर्यंत तिचा अर्ज कोण नेणार? घिसाडी, शिकलगार हे महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत आहेत. त्यांचे जातीचे दाखले, रेशनकार्ड, बसण्याची हक्काची जागा हे काम आपल्या शाखांचे नाही काय?

मामा आता नाहीत. त्यांचा एक चाकू आमच्या टेबलाच्या खणात आहे. अशिलांच्या कागदांचे गठ्ठे आम्ही त्यानेच सोडतो. पात्यावर नाव नाही. आम्ही एकदा विचारले होते, "मामा, नाव का कोरत नाही?" ते हसले. "नाव कोरलं तर पोलिसांना घर लवकर सापडंल, साहेब."

कारागिराला आपल्या कामावर निर्भयपणे नाव कोरता यावे, एवढे तरी स्वातंत्र्य या देशात हवे की नको? जयभीम!