तपकिरी नळी आणि पुसट ठसा

माढा तालुक्यातल्या कुर्डुवाडीहून १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. कंपनी लंडनची, इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्या साहेबी जमान्यातला तंबाखूचा पाइप आजही एखाद्याच्या ट्रंकेत किंवा भंगारात निघू शकतो. लाकूड शाबूत, पण तोंडात धरायची काळी नळी मात्र विटून पिवळट-तपकिरी झालेली. घरातला हौशी माणूस ती चकचकीत करायला बसतो आणि तिच्यावरचा पाइप बनवणाऱ्या कंपनीचा ठसाच घासून टाकतो.

मुळात तो रंग मळाचा असतो, हाच गैरसमज. जुन्या नळ्या बहुधा एबोनाइटच्या, म्हणजे रबरात भरपूर गंधक मिसळून, तापवून कडक केलेल्या. ऊन, हवा आणि ओल लागली की पृष्ठभागावरच्या गंधकाचे ऑक्सिडीकरण होते आणि काळा रंग उडतो. हा थर वरून चिकटलेला नाही, ती नळीचीच कातडी आहे. ती काढायची म्हणजे नळी झिजवायची. आणि ठसा तर जेमतेम उमटलेला असतो.

‘गरम पाण्यात टाका, सुटेल’ असे सांगणारे भेटतात. गरम पाण्याने एबोनाइट आणखी तपकिरी होते. ब्लीचमध्ये बुडवल्यास वरचा थर निघतो खरा, पण खाली खरबरीत, खड्डे पडलेला पृष्ठभाग उरतो. तेल चोळले की नळी काळी दिसते. तो नुसता ओलेपणा, चार दिवसांत रंग परत येतो.

दातांचे व्रण लायटरच्या आचेने वर येतात, हे मात्र खरे. एबोनाइट तापले की दबलेला भाग उसळतो. पण ठसाही दाबूनच उमटवलेला असतो! म्हणून आच ठशापासून लांब ठेवावी.

ठशावर चिकटपट्टी लावून बाकीची नळी पॉलिश पेपरने घासावी, हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. पट्टीच्या कडेला पायरी पडते आणि ठसा ठिगळासारखा दिसतो. त्यापेक्षा बारीक पेपर पाण्यात भिजवून ठशाच्या अलीकडे हात हलका करत यावे, आणि ठशाभोवती फक्त सौम्य पॉलिश कापसाच्या काडीने फिरवावे. ठशातला पांढरा रंग गेला असेल, तर खाचेत नवा रंग भरून वरचा लगेच पुसता येतो. मात्र त्यासाठी खाच उरलेली हवी. डनहिल कंपनीच्या पाइपच्या नळीवरचा पांढरा ठिपका रंगाचा नसून बसवलेला असतो, तिथे रंगकाम करू नये. आणि नळी अ‍ॅक्रिलिकची असेल, तर ती अशी विटतच नाही.

पाइप ओढायला नव्हे, जपायला ठेवायचा असेल, तर थोडी तपकिरी नळी आणि स्पष्ट ठसा हीच चांगली अवस्था. साफ झाल्यावर तो खिडकीत मांडू नका. सोलापूरकडच्या उन्हात नळी पुन्हा विटायला वेळ लागत नाही.