पडद्यावरचा वेग

जुन्या रेसिंग गेमच्या आठवणी काढणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या मंडळींना एक उत्तर हमखास ऐकावं लागतं: गेम साधाच होता, तुम्हाला आठवतंय ते तुमचं लहानपण. यात तथ्य नाही असं नाही. पण सगळं श्रेय लहानपणाला देऊन टाकलं, की त्या खेळांची घडण पाहायची राहूनच जाते. सेगा कंपनीचा १९८६ सालचा ‘आउटरन’ घ्या. यू सुझुकी यांच्या या गेममध्ये खरं तर कुणाशी शर्यतच नाही. लाल रंगाची उघडी गाडी, शेजारी मैत्रीण, समोर रस्ता आणि वर उलटे मोजले जाणारे सेकंद. निघण्यापूर्वी रेडिओवरच्या तीन धुनांपैकी एक निवडायची. टप्पा संपत आला की रस्त्याला फाटा फुटतो. डावीकडचा बहुधा सोपा, उजवीकडचा अवघड. एकूण टप्पे १५, पण एका खेळात वाट्याला येतात फक्त ५, आणि शेवटही ५ वेगवेगळे. गाडी उलटली तर दोघं बाहेर फेकली जातात, पण जीव जात नाही. जातो तो वेळ.

त्या काळच्या मशीनला असं जग त्रिमितीत उभं करणं झेपणारं नव्हतं. म्हणून कडेचं माडाचं झाड हे एक सपाट चित्रच: क्षितिजापाशी चिमुकलं दिसणारं, भराभर मोठं होत बाजूने निघून जाणारं. रस्त्यावरचे फिके-गडद पट्टेही आलटून पालटून मागे पळतात आणि एवढ्यावर डोळा वेग ताडतो. अटारीच्या १९७६ च्या ‘नाइट ड्रायव्हर’मध्ये तर काळ्या पडद्यावर नुसते पांढरे खांब सरकत. रात्र दाखवली की बाकी काही काढायलाच नको! हा भास किती मोलाचा होता, हे ‘आउटरन’ घरगुती संगणकांवर आला तेव्हा कळलं. स्पेक्ट्रमवर नाव तेच, गाडी तीच. पण झाडं-रस्ता मूळच्या सफाईने धावेनात आणि खेळातला जीवच गेला. जुनं ते सगळं सोनं नव्हतं, हे आठवणीत रमणाऱ्यांनीही मान्य करावं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ही सगळी नाणी गिळायची युक्ती होती. होतीच. खेळ काही मिनिटांत संपला तरच पार्लरवाल्याच्या गल्ल्यात पुढचं नाणं पडणार. पण त्याच सक्तीमुळे खेळ पहिल्या अर्ध्या मिनिटात कळावा लागे. स्टिअरिंग, ब्रेक, ॲक्सिलरेटर आणि दोनच गिअर. शिकवणी नाही, टायर निवडण्याची यादी नाही. शिवाय नाण्याचा प्रश्न नव्हता तिथेही ही घट्ट वीण लोकांना आवडलीच. कोनामीचा १९८४ चा ‘रोड फायटर’ नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या गेमच्या कॅसेटमधून आपल्याकडच्या घरांत आला. तिथे दर खेळाला पैसे पडत नव्हते. तरी पेट्रोल सतत उतरत राही, ते देणारी गाडी हेरून तिला स्पर्श करावा लागे, आणि दुसऱ्या गाडीचा धक्का लागला की आपली घसरायची. पेट्रोल संपलं की खेळ खलास, आणि लगेच नवा डाव सुरू.

‘आउटरन’ निन्टेंडो स्विचवर पुन्हा निघालेला आहे. शंका असेल त्यांनी तो घरातल्या दहा वर्षांच्या पोराच्या हाती द्यावा. त्याला यातलं काहीच आठवत नाही, तेव्हा त्याचा निकाल आपल्यापेक्षा जास्त भरवशाचा.