भीती दाढेची नव्हे, खुर्चीची!

दाढ ठणकू लागली की आधी लवंग, मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मग मेडिकलमधली गोळी आणि खेड्यापाड्यांत चिमूटभर मिश्री. दवाखान्याची पायरी सगळ्यांत शेवटी! बेळगावात दंतवैद्य म्हणून मी हे रोज पाहते. चार बाळंतपणे सोसलेल्या आजींचेही हातपाय खुर्चीत बसताच गार पडतात. याला भित्रेपणा म्हणू नये. पण भीतीपोटी दिवस ढकलले तर मुळाशी पू होतो, गाल सुजतो आणि ती सूज गळ्यात उतरली तर जिवावरही बेतते.

ही भीती जुनीच, तशी तिच्यावरची खटपटही जुनी. अमेरिकेतील दंतवैद्य होरेस वेल्स यांनी १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली होती. तोच 'लाफिंग गॅस' आजही वापरात आहे.

एक फरक आधी ध्यानात घ्या. हिरडीतल्या इंजेक्शनने जागा बधिर होते, दुखत नाही. गुंगीच्या औषधाने मन शांत होते. म्हणून गुंगी दिली तरी ते इंजेक्शन बहुधा लागतेच. सुई टोचण्याआधी हिरडीला बधिर करणारे जेल लावता येते.

लाफिंग गॅस प्राणवायूत मिसळून नाकावरच्या छोट्या मास्कमधून देतात. अंग हलके वाटते, पण माणूस जागा असतो, बोलतो. शेवटी काही मिनिटे नुसता प्राणवायू दिला की अंमल उतरतो. नाक चोंदलेले असेल किंवा गरोदरपणाचे पहिले महिने असतील तर तो टाळतात.

दुसरा उपाय गोळीचा. ती डॉक्टर सांगतील तेव्हाच, तेवढीच घ्यावी. शेजारणीची गोळी चालत नाही. तिसरा, शिरेतून औषध. यात झापड येते, पुष्कळदा नंतर काही आठवत नाही. भूलतज्ज्ञ हवा, बोटाला प्राणवायू मोजणारे यंत्र हवे. या दोन्हींत घरचे माणूस सोबत आणावे. २४ तास गाडी चालवू नये, महत्त्वाच्या कागदावर सही करू नये.

पूर्ण भूल मात्र रुग्णालयातच. अनेक दात किडलेली लहान मुले किंवा स्वस्थ बसू न शकणारे रुग्ण यांना ती लागते. त्याआधी सहा तास काही खायचे नसते.

दमा, रक्तदाब, मधुमेह, झोपेत जोराने घोरणे, रोजची औषधे, दारूची सवय यांतले काहीही डॉक्टरांपासून लपवू नका.

माझा अनुभव असा, की बहुतेकांना यातले काहीच लागत नाही. 'हात वर केलात की मी थांबेन,' एवढा शब्द दिला तरी पुरतो. ज्यांना लागते, त्यांनी वेळ ठरवतानाच 'मला भीती वाटते' असे मोकळेपणाने सांगावे आणि कोणती सोय आहे ते विचारावे. प्रत्येक दवाखान्यात सगळे नसते.

आणि आईबाबांनो, 'गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील' हे वाक्य घरातून हद्दपार करा. निम्मी भीती तिथेच पेरली जाते.