फोडणीशिवायची मोहरी

भिजवलेली हरभऱ्याची डाळ भरड वाटायची, तीत कैरीचा कीस, हिरवी मिरची, ओलं खोबरं, कोथिंबीर आणि मीठ कालवायचं. इथपर्यंत आंबेडाळ पूर्ण कच्ची असते. मग वरून पळीभर फोडणी पडते, आणि चैत्रातल्या हळदीकुंकवाची खरी आंबेडाळ तयार होते. एका रविवारी पुण्यात आम्ही काही मित्रमैत्रिणी विस्तवाशिवायचं आणि दूध, दही, तूप, मध यांच्याशिवायचं जेवण करायला जमलो, तेव्हा आंबेडाळीपासून सुरुवात केली ती म्हणूनच. काढायची होती फक्त ती पळीभर फोडणी. सगळ्यात जास्त विचार तिच्याच जागी करावा लागला.

असं जेवण करणारे लोक साधारण 42 ते 48 अंश सेल्सियसच्या वर काही तापू देत नाहीत. हा नियम लावला की नेहमीचा डबा न् डबा तपासावा लागतो. साखर आणि गूळ दोन्ही बाद, कारण उसाचा रस उकळल्याशिवाय त्यांतलं काहीच होत नाही. पोहे बाद, ते भाताला उष्णता देऊनच कांडतात. दाण्याचं कूट भाजलेलं, म्हणून तेही गेलं. त्याऐवजी शेंगदाणे रात्रभर भिजवले, गोडव्याला खजूर घेतला आणि मूग-मटकीला मोड आणले. राजमा मात्र असा खाऊ नये. त्याला मोड आले तरी त्यातलं विषारी द्रव्य जात नाही, तो खळखळून उकळावाच लागतो.

फोडणीच्या जागी काय, हे मैत्रिणीच्या आईने सांगितलं. काकू म्हणाल्या, ‘‘मोहरी फेसा.’’ त्यांनी मोहरी खलबत्त्यात कुटली, चमचा-चमचा पाणी घातलं आणि घोटत राहिल्या. ‘‘फेस आला म्हणून थांबायचं नाही गं, नाकाला लागेपर्यंत घोटायची.’’ सुकी मोहरी हुंगली तर तिला वास जवळजवळ नसतो. ती फुटून पाणी लागलं की तिच्यातलं एक विकर कामाला लागतं आणि तो झणका तयार होतो. गरम तेलात हे विकर मरतं, म्हणून तडतडलेली मोहरी खमंग लागते, तिखट लागत नाही. आयुष्यभर आपण जी मोहरी खातो ती तिची एक बाजू झाली. दुसरी बाजू त्या दिवशी डाळीत कालवली आणि पहिल्याच घासाला सगळ्यांच्या नाकातून पाणी आलं. खमंगपणाची उणीव तिने भरून काढली नाही. तिने वेगळीच चव आणली, कैरीच्या आंबटपणाला धार आणणारी.

चुलीचं काम हातांकडे आलं की हात किती लागतात, ते स्वयंपाकघरात उभं राहिल्यावर कळतं. काकडी चोचवायला एकजण बसला होता. तळहातावर काकडी धरून सुरीचे बारीक घाव घालत राहायचं, मग ते पातळ कापून पाडायचे. किसणीने काकडीचं पाणी होतं, चोचवल्याने तिचा करकरीतपणा राहतो. कच्च्या जेवणात तोंडाला जाणवणारा फरक बऱ्याच अंशी अशा चिरण्या-कापण्यातून येतो. खाकऱ्यासारख्या कुरकुरीत पापड्यांसाठी जवस भिजवला होता. त्याला बुळबुळीत चीक सुटतो आणि तोच तीळ, मिरची, मीठ यांना धरून ठेवतो. मिश्रण पातळ थापून आदल्या दिवशी गच्चीवर वाळत टाकलं होतं. परदेशात याला विजेवर चालणारं यंत्र वापरतात. आपल्याकडे सांडग्या-पापडांचं ऊन आहेच.

जेवायला बसल्यावर आधी जाणवला तो वेग. घास लवकर गिळताच येत नाही. शिजवण्याने जे मऊ होतं ते इथे दातांनी करायचं असतं, त्यामुळे पान संपायला फार वेळ लागला, जबडा भरून आला आणि पोट अपेक्षेपेक्षा लवकर भरलं. संध्याकाळी मात्र कडकडून भूक लागली. गांधीजींनी 1893 मध्ये प्रिटोरियात असा आहार करून पाहिला आणि थोड्याच दिवसांत सोडला. 1929 मध्ये त्यांनी तो पुन्हा धरला, त्यावर ‘यंग इंडिया’त लिहिलं आणि प्रकृती बिघडल्यावर पुन्हा थांबवला. शिजवल्याने क जीवनसत्त्व घटतं हे खरं, पण टोमॅटोतलं लायकोपिन शिजवल्यावरच अंगी नीट लागतं, आणि ब-12 वनस्पतींतून भरवशाने मिळतच नाही. एवढ्यावर कायम राहावं असं मी कुणाला सांगणार नाही. पण उन्हाळ्यात आठवड्याचं एखादं जेवण असं असावं, असं मला मनापासून वाटतं.

गोडाला काजू आणि खजुराचा थर होता. दुकानात कच्चे म्हणून मिळणारे काजू बहुतेक वेळा वाफवलेले असतात, कारण टरफलातल्या तेलाने कातडी भाजते आणि उष्णता दिल्यावर बी सुरक्षित फोडता येते. खरे कच्चे म्हणजे ओले काजूगर. वेंगुर्ल्याकडच्या एका मित्राने ते घरून आणले होते. सोलणाऱ्याच्या बोटांवर चिकाचे काळे डाग पडतात ते त्यांचेच. ते वाटले की नारळाच्या दुधासारखी सौम्य गोडी येते. थर घट्ट व्हायला घाण्याचं खोबरेल घातलं होतं, पण ते 24 अंशांच्या आसपास वितळतं आणि बाहेर एप्रिल होता. फ्रीझरमधून काढल्या-काढल्या वड्या पाडून पहिली फेरी वाढली. दुसरी फेरी वाट्यांत घेऊन चमच्याने खाल्ली.