भेगाळ रानातून फोमच्या गादीत

मे महिन्यात पैठण रस्त्याच्या कडेच्या एखाद्या रानात उतरलात तर जमिनीच्या भेगेत मनगट सहज जाते. दोन दमदार पाऊस झाले की तीच भेग बुजते आणि चिखलात रुतलेली चप्पल उपसून काढावी लागते. बसाल्ट झिजून झालेल्या या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट जातीचे खनिज भरपूर असते. पाणी शिरले की फुगते, वाळले की आक्रसते. म्हणून तर आपल्याकडे घराचा पाया खाली मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो.

गवंड्याला छळणारे हेच खनिज प्लास्टिकवाल्यांना मात्र हवे असते. पत्त्यांच्या कॅटसारखी त्याची पाने एकमेकांना चिकटलेली असतात. एकेक पान जेमतेम 1 नॅनोमीटर जाड, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. रसायन लावून ती सुटी केली आणि प्लास्टिकमध्ये नीट पसरली, तर शेकडा दोन-चार भागांतच काम होते. 1980च्या दशकात टोयोटाच्या संशोधकांनी नायलॉन असेच मजबूत केले होते.

प्लास्टिकच्या फोममध्ये आणखी एक गंमत होते. सोड्यात चिमूटभर मीठ टाकले की फेस उसळतो, कारण वायूला बुडबुडा धरायला जागा मिळते. इथे मिठाचे काम मातीचे हे कण करतात. मोजक्या मोठ्या बुडबुड्यांऐवजी असंख्य बारीक बुडबुडे धरतात, त्यामुळे तेवढ्याच वजनाचा फोम सहसा जास्त दाब सोसतो आणि उष्णताही अधिक अडवतो. आग लागली तर हीच पाने पृष्ठभागावर थर धरतात. जळणे थांबत नाही, ज्वाळेचा जोर तेवढा कमी होतो.

आपल्याच भागातल्या वाळूजला 1985 पासून दुचाकी बनतात. दुचाकीच्या सीटमध्ये पॉलियुरेथेनचा फोम आणि हेल्मेटच्या आत थर्माकोलचा सख्खा भाऊ असतो. शिवाय प्लास्टिक शिकवणाऱ्या केंद्र सरकारच्या सिपेट या संस्थेची शाखाही इथेच आहे. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही.

अडते ते कालवण्यापाशी. पिठल्यात गुठळ्या राहाव्यात तसे कण एकत्र राहिले, तर नेमकी तिथेच बुडबुड्याची भिंत फाटते आणि फोम साध्या फोमपेक्षाही कच्चा निघतो. रानातली माती उचलून टाकली असेही चालत नाही. बेंटोनाइट ही याच खनिजाने भरलेली माती शुद्ध करूनच हा माल बनतो, आणि तिच्या खाणी कच्छात आहेत.

उद्या दुकानात ‘नॅनो’ नावाची महागडी गादी दाखवली, तर त्यात कोणता कण घातलाय आणि किती टक्के, एवढे विचारा. उत्तर आले नाही तर साधी गादी घ्या.