इंजिनाचा ‘मेंदू’ आणि स्वस्तातले ट्यूनिंग

पंचवटीहून मुंबईला निघालेली मोटार इगतपुरीनंतर घाट उतरते. तिची खरी परीक्षा होते ती परतताना, कसारा घाट चढताना. वेगवान मोटारीच्या इंजिनाचा संगणक ‘रिमॅप’ करून घेऊ पाहणाऱ्या मालकाने मित्रांसोबतची शर्यत नव्हे, तर हा चढ डोळ्यांसमोर ठेवावा.

‘ईसीयू’ हा इंजिनाचा संगणक. हवा किती आली, पेडल किती दाबले गेले, तापमान किती आहे, हे सेन्सरकडून जाणून घेऊन तो साठवलेल्या तक्त्यांनुसार इंधनाचे प्रमाण, ठिणगीची वेळ आणि टर्बोचा दाब ठरवतो. इंधनाचा कमी-अधिक दर्जा, कडक उन्हाळा व हेळसांड गृहीत धरून उत्पादक हे तक्ते हात राखून भरतो. रिमॅपमध्ये वापरली जाते ती हीच शिल्लक. टर्बो नसलेल्या इंजिनात ती फारच थोडी असते. तेथे पैसा न घातलेलाच बरा.

डिझेल मोटारीत आज्ञा संगणकाची, पण ती पाळणारा इंजेक्टर. नाशिककरांना हा भाग परका नाही. सातपूरच्या बॉश कारखान्यात इंजेक्टर व नोझल वर्षानुवर्षे बनत आले आहेत. झिजलेल्या नोझलवर नवा तक्ता चढवला, तर ताकदीऐवजी काळा धूर आणि पिस्टनला नको तितकी उष्णता मिळते.

म्हणूनच काटकसरीची सुरुवात संगणकापासून नव्हे, सर्व्हिसिंगपासून होते. एअर फिल्टर, प्लग, टर्बोचे होज तपासावेत, ‘फॉल्ट कोड’ वाचून घ्यावेत. कित्येकदा हरवलेली ताकद येथेच सापडते! घसरू लागलेला क्लच तर वाढीव ताकद पेलणारच नाही.

त्यानंतरचा मोह म्हणजे दुसऱ्याच्या मोटारीसाठी केलेली तयार फाइल. मॉडेल एकच असले तरी ईसीयूची आवृत्ती वेगळी असू शकते. मूळ फाइलची प्रत आणि रस्त्यावर घेतलेल्या आधीच्या-नंतरच्या नोंदी न देणाऱ्याकडे काम देऊ नये. ‘ट्यूनिंग बॉक्स’ स्वस्त व काढता येण्याजोगा असतो खरा. पण डिझेल इंजिनात तो संगणकाला इंधनाचा दाब कमी असल्याचे खोटेच भासवतो. लांब चढावर हे खोटे टर्बोला भोवते.

वॉरंटी धोक्यात येते, ते वेगळेच. विमा कंपनीला बदल कळवला नसेल, तर दाव्याच्या वेळी वाद उभा राहू शकतो. एप्रिल २०२० पासूनच्या ‘बीएस-६’ डिझेल मोटारींतील काजळीचा फिल्टर संगणकातून निकामी करून देणारेही भेटतात. ते काम कितीही स्वस्त असले, तरी प्रदूषणाच्या निकषांचा तो सरळ भंग आहे.